पिवळी चिठ्ठी

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज मुंगीचा आणि माझा खटका उडाला. खटका कसला, बोलले मी एकटीच. ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी होती.

विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेला जागा साठ आणि अर्ज नऊ हजारांच्या वर. त्यात विद्यापीठाच्या नोकरांच्या मुलांना पाच गुणांची सवलत असते. मुंगीने त्याचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरून आणला होता. फक्त माझी सही राहिली होती. मी ती केली नाही.

बावीस वर्षं मी तिथल्या अपील कक्षात बसते. यादीत नाव न लागलेली पोरं आणि त्यांचे आईबाप "एवढी सूट द्या, तेवढं सांभाळून घ्या" असं लिहितात, आणि मी त्यांना नियम दाखवते. स्वतःच्या लेकीला मागच्या दाराने आत घेतलं तर उद्या कुठल्या तोंडाने बोलू?

"मागचं दार कसं गं आई? नियमातच आहे की ते," मुंगी म्हणाली.

"नियमात आहे म्हणून हात पसरायलाच हवा का? पाच गुणांवाचून तुझं अडेल असं वाटतं तुला?"

"नाही," ती म्हणाली. फॉर्मची घडी करून तिने दप्तरात ठेवली. मला वाटलं फाडेल, पण नाही फाडला. आमची पोर कागदसुद्धा टाकत नाही. रांगायला लागल्यापासून दिसेल ते उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून तर मुंगी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. पाल्याचा अर्ज असेपर्यंत मी प्रवेशाच्या कागदाला हात लावणार नाही, तिचा अर्ज क्रमांक विचारणार नाही, यादी बघणार नाही. निकाल लागेपर्यंत माझी रवानगी तळघरात, जुन्या फायलींकडे. साहेब म्हणाले, "अहो, इतकं कडक कोणीच पाळत नाही." मी म्हटलं, मी पाळते.

घरातही तोच कायदा लावला. अर्ज, गुण, यादी, यातला चकार शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. मुंगीने मान हलवली. तिचे बाबा पुलाच्या कामावर, चार-चार महिने बाहेर. त्यांनाही फोनवर बजावलं. ते हसून म्हणाले, "घरात कोर्ट भरवलंस की काय?"

१ जुलै, सोमवार

लागलं नाव!

दुपारी यादी लागली. सगळं ऑफिस वर धावलं आणि मी तळघरात धूळ झटकत बसले. घरी आले तर मुंगीने दार उघडलं. काही विचारायचं नाही हा माझाच कायदा, पण माझा चेहराच विचारत असणार. शिवाय पेढ्यांचा पुडा हातातच होता, आणि तिच्या बाबांनी पाठवलेला स्टेथोस्कोप सकाळपासून टेबलावर होता. शेजारच्या शिवणवाल्या बाई माझ्यामागोमाग आत आल्या आणि म्हणाल्या, "काय डॉक्टरीणबाई?"

मुंगीने पुड्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग म्हणाली, "लागलं. एक्केचाळिसावा नंबर आहे."

एक्केचाळिसावा! सवलतीशिवाय, कुणाच्या मेहेरबानीशिवाय. मी तिला कवटाळलं. हातपाय बर्फासारखे गार पडले होते बिचारीचे. आनंदाने होतं असं. शिवणवाल्या बाईंचे डोळे भरून आले, माझे तर वाहातच होते. मुंगी तेवढी कोरडी. खंबीर आहे, माझ्यावर गेली आहे.

२ जुलै, मंगळवार

पुन्हा माझ्या टेबलावर. ‘पाल्याचा प्रवेश झाला, आता माझे कोणतेही हितसंबंध नाहीत’ असा फॉर्म भरून दिला. त्याला प्रवेशपत्राची प्रत जोडायची असते. मुंगीचं पत्र अजून छापून आलेलं नाही. साहेब म्हणाले, "राहू द्या हो. तुमची सही म्हणजे पुरावा." इतक्या वर्षांत एवढं कोणी बोललं नव्हतं. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

आता यादी बघायला मी मोकळी आहे. पण नाही बघितली. पोरीने सांगितल्यावर वर यादी चाळायची म्हणजे तिच्या शब्दाला किंमत काय राहिली? आणि खोटं मला शंभर पावलांवरून ओळखू येतं. त्याचीच भाकरी खाते मी. खोटं बोलणारा नेहमी मोघम बोलतो, त्याच्याकडे नेमका आकडा नसतो.

८ जुलै, सोमवार

मुंगीचं कॉलेज सुरू. सकाळी दोघी एकाच बसने गेलो, एकाच फाटकातून आत. ती डावीकडे वळली, मी उजवीकडे. वळून बघितलं तर ती अजून तिथेच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी हात केला. मग गेली.

ओळखपत्र अजून मिळालं नाही म्हणे. फीचीही मुदत पुढच्या महिन्यात आहे. त्या शाखेचा कारभार पहिल्यापासून ढिसाळच.

संध्याकाळी विचारलं, "काय शिकवलं?" म्हणाली, "सांगाडा." "कुणाचा?" "घोड्याचा." आणि हाडांची नावं धडाधड म्हणून दाखवली. डबा चाटूनपुसून रिकामा. परीक्षेच्या दिवसांत चिमणीएवढं खायची. एकदा मनावरचं ओझं उतरलं की भूक लागते, दुसरं काय.

११ जुलै, गुरुवार

अपिलांचा ढीग. या वर्षी सहाशेच्या वर आहेत. कुणाची शिफारस चालू नये म्हणून खालच्या खिडकीवरच नाव, पत्ता, शाळा आणि पालकांचा व्यवसाय यांवर काळी पट्टी मारतात. अपीलही टाइप केलेलंच घेतात, आम्हाला दिसतो फक्त क्रमांक. आम्ही टिपण लिहायचं, साहेबांनी सही करायची. साहेब आता माझी टिपणं वाचतसुद्धा नाहीत, सरळ सही करतात.

आज एक अपील मुंगीच्याच शाखेचं आलं. क्रमांक ४४१७. मुलगी आहे. यादीपासून अडीच गुणांनी खाली. लिहिते, "मला" (इथे काळी पट्टी) "या सवलतीचे पाच गुण मिळू शकले असते. फॉर्म मी वेळेत भरला होता. काही कारणाने पालकांची सही झाली नाही. पालक चांगले आहेत, त्यांना दोष द्यायचा नाही. आता सही घेतली तर चालेल का, एवढंच विचारायचं आहे."

काही कारणाने! कारण मी सांगते. एक सही करायची तर बापाचा अहंकार आडवा आला असेल, नाहीतर नवराबायकोची धुसफूस. भोगायचं पोरीने. सवलतीच्या नावावर पट्टी आहे म्हणजे ती पालकांच्या नोकरीवरून मिळणारी. सैनिकांच्या मुलांना असते, अशा आठ-दहा सवलती आहेत.

खरं सांगायचं तर ते अपील बघून मला धस्स झालं. ही आत आली तर मुंगीची जागा जाणार नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. जादा जागा तयार करतात. तरीसुद्धा त्या कागदाचा मला रागच आला. अडीच गुणांवर टपून बसल्यासारखी वाटली ती पोरगी. हे बरं नाही, पण खरं आहे. इथे नाही लिहायचं तर कुठे?

१५ जुलै, सोमवार

कबुतरांनी उच्छाद मांडला आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चालू आहे, आणि ती माणसं गच्चीचं दार सताड उघडं टाकून जातात. मागच्या जिन्याने कबुतरं खाली येतात आणि फायलींवर घाण करतात. आमची इमारत पाच मजल्यांची. मागच्या जिन्याने शिपाई सोडून कोणी जात नाही, माझे गुडघे तर मला लिफ्टशिवाय हलू देत नाहीत. म्हणून आधी कोणाच्या ध्यानात आलं नसावं. पण इतकी कबुतरं अचानक आली कुठून? कोणीतरी खायला घालत असणार.

१८ जुलै, गुरुवार

तीनदा अर्ज केला, दोनदा भांडले, शेवटी गच्चीच्या दाराला कुलूप बसलं. किल्ली माझ्या खणात. दुरुस्तीवाल्यांनी रोज सही करून न्यायची आणि जाताना कुलूप लावून परत करायची. शिपाईदादा महिन्यापूर्वीच ग्रंथालयातून बदलून आले आहेत, माझा स्वभाव त्यांना अजून माहीत नाही. म्हणाले, "बाई, कबुतरांसाठी एवढं?" मी म्हटलं, कबुतर असो नाहीतर कुलगुरू, दार बंद म्हणजे बंद.

१९ जुलै, शुक्रवार

४४१७ चं टिपण लिहिलं. "पालकांच्या हलगर्जीपणाची भरपाई विद्यापीठ करू शकत नाही. नामंजूर." पत्राच्या शेवटी माझं नेहमीचं वाक्य, "निर्णय अंतिम आहे. आपण मनाला लावून घेऊ नये." पूर्वी नुसतं ‘अंतिम आहे’ एवढंच असायचं. ‘मनाला लावून घेऊ नये’ ही भर माझी, बारा वर्षांपूर्वीची. साहेबांनी तेव्हा शाबासकी दिली होती. घरातही माझं हेच वाक्य चालतं. मुंगी लहानपणी पडली तरी मी हेच म्हणायचे.

२१ जुलै, रविवार

यांचा फोन. मुंगीशी बोलून झाल्यावर मला म्हणाले, "पोर फार शहाण्यासारखी बोलते गं हल्ली."

"मग बिघडलं काय त्यात?"

"बिघडलं काही नाही. पण माझ्याशी भांडली नाही. आणि तीनदा विचारलं, बाबा तुम्ही बरे आहात ना. तू जरा लक्ष ठेव."

लक्ष ठेव म्हणे! चार महिने पुलाखाली राहणाऱ्याने मला सांगायचं. पोर आता मोठी झाली, कॉलेजात जाते, सदा काय भांडत बसणार?

उलट मी तर खूश आहे. या आठवड्यात तिने सगळे पडदे धुतले. माळ्यावरची खोकी काढली, प्रत्येकावर आत काय आहे ते लिहून चिकटवलं. माझ्या फोनवर विजेचं बिल कसं भरायचं ते मला शिकवलं. एकदा, दोनदा, मग म्हणाली, "आता मी न बघता कर." तिसऱ्यांदा जमलं तेव्हा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मीच आई की तीच, कळेना.

२४ जुलै, बुधवार

मुंगीने मांजर देऊन टाकलं. शिवणवाल्या बाईंना. ताटली, टोपली, औषध कधी द्यायचं त्याचा कागद, सगळ्यासकट. म्हणाली, "अभ्यासामुळे वेळ होत नाही गं." सहा वर्षं जिच्या अंथरुणात झोपलं तिने असं कसं दिलं, याचं मला नवल वाटलं. बाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर होणारी पोर मांजर कशी काय देते हो?" मी म्हटलं, अहो, रोज घोडे-म्हशी बघितल्यावर मांजराचं काय कौतुक. बाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी मांजर येऊन आमच्या दाराशी ओरडत होतं. मुंगी उठली नाही. मलाच वाईट वाटलं.

२५ जुलै, गुरुवार

४४१७ चा पुनर्विचार अर्ज आला. हा शेवटचा, यानंतर काही करता येत नाही. लिहिते,

"मी घरी सांगितलं आहे की माझं नाव लागलं. क्रमांकसुद्धा सांगितला. त्या दिवशी सगळे इतके आनंदात होते की मला दुसरं बोलता आलं नाही. रोज डबा घेऊन निघते आणि दिवसभर एका जागी बसते. माझ्याकडची सगळी कामं मी आवरून ठेवली आहेत. कोणाचं काही अडणार नाही. हे पत्र ज्यांना वाचावं लागेल त्यांना मी ओळखते असं मला वाटतं, म्हणून एकच विनंती. या वेळी ‘मनाला लावून घेऊ नये’ असं लिहू नका."

आधी माझा तिळपापड झाला. बारा वर्षांत त्या वाक्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आणि "ओळखते" म्हणजे काय? ओळख काढायचा हा नवीनच प्रकार. एवढीशी पोर, हिची कसली कामं नि कसली आवराआवर!

आणि घरचे तरी कसे? रोज डबा भरून देणारी आई आंधळी आहे का? पोरगी महिनाभर खोटं बोलते आणि त्या बाईला पत्ता नाही. माझ्या पोरीच्या नुसत्या पावलांवरून मला सगळं कळतं.

पत्र परत पाकिटात घातलं. टिपण सोमवारी लिहीन.

२६ जुलै, शुक्रवार

काही पत्रांना आम्ही पिवळी चिठ्ठी लावतो. लिहिणारा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल अशी शंका आली की लावायची. मग ते पत्र दुसऱ्या मजल्यावर समुपदेशक बाईंकडे जातं. काळी पट्टी काढून नाव बघायचा अधिकार फक्त त्यांना आहे. त्या घरी फोन करतात. मला तो प्रकार फारसा पटत नाही. चिठ्ठीची पोरांना कुणकुण लागली आहे, अर्धी पोरं मुद्दाम तसं लिहितात. गेल्या वर्षी मी फक्त एक लावली होती, तीही सगळ्या कक्षात उगाच गडबड उडवून गेली.

४४१७ ने तसं काही लिहिलेलं नाही. धमकी नाही, रडारड नाही. शांत पत्र आहे. चिठ्ठी लावण्यासारखं त्यात काही नाही.

आज जेवताना ते पत्र दोनदा आठवलं. मुंगीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे. "सांग ना," ती म्हणाली. मी म्हटलं, तुला माहीत आहे ना आपला नियम. तिने माझ्या पेल्यात पाणी ओतलं. मग म्हणाली, "हो. माहीत आहे." आणि माझं ताट उचलून धुवायला घेऊन गेली.

३० जुलै, मंगळवार

शिपाईदादा चहा घेऊन आले आणि घुटमळले. म्हणाले, "बाई, मागच्या जिन्याखाली एक मुलगी रोज येऊन बसते. नंबर घेत नाही, काही विचारत नाही. दहाला येते, पाचला जाते."

"वाट बघत असेल कोणाची."

"कोणी येत नाही तिच्याकडे. डबा उघडते, बघते, आणि सगळं कबुतरांना घालते."

म्हणजे कबुतरांची अन्नदाती ती! मी म्हटलं, जरा दम देऊन सांगा तिला. शिपाईदादांचा चेहरा पडला. म्हणाले, "मला नाही जमायचं. चांगल्या घरची दिसते. घरून कोणीतरी मनापासून डबा करून देतं हो तिला, रोज वेगळी भाजी असते."

४४१७ चं टिपण अजून झालं नाही. काल तीन वेळा लिहायला घेतलं. ‘मनाला लावून घेऊ नये’ याशिवाय पत्र कसं संपवायचं ते सुचत नाही.

३१ जुलै, बुधवार

"कोणाचं काही अडणार नाही." हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाही. बसमध्ये मुंगीला म्हटलं, समज, एखाद्या मुलीने असं लिहिलं तर त्याचा अर्थ काय? क्रमांक सांगितला नाही, बाकीचंही काही नाही. नियम मोडला नाही. पण विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अर्थ काय, जे लिहिलंय तेच. तू काय उत्तर दिलंस?"

"अजून नाही दिलं."

"उद्या देशील?"

"बघू."

फाटकाशी तिने माझी पर्स सरळ केली, बंद निघाला होता तो लावला. मी उजवीकडे गेले. आज पुन्हा एकदा वळून बघितलं. ती दिसली नाही.

संध्याकाळी निघता निघता ४४१७ ला पिवळी चिठ्ठी लावली. का ते सांगता यायचं नाही. हसतील हसणारे. दुसऱ्या मजल्यावर पाठवायच्या टोपलीत ठेवली आणि आले. दुसऱ्या कोणाच्या तरी पोरीसाठी, पण जरा हलकं वाटतं आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. आज क्रमाने लिहिते, नाहीतर मी वेडी होईन.

गुरुवारी अकरा चाळीसला माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक बाई, अगदी मृदू आवाज. "मी विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षातून बोलते. घाबरून जाऊ नका. तुमच्या मुलीच्या एका पत्राबद्दल बोलायचं आहे."

मी म्हटलं, "तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. चिठ्ठी लावणारी मी. ते पत्र वेगळ्याच मुलीचं आहे. माझी मुलगी वर्गात आहे."

मग त्यांनी नाव वाचलं. माझ्या मुलीचं नाव, तिच्या बाबांचं नाव, आमचं आडनाव, आमचा पत्ता. "अर्ज क्रमांक चार चार एक सात. पालक म्हणून तुमचाच नंबर दिला आहे. ती आत्ता कुठे आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

ती कुठे आहे ते मला माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी शिपाईदादांनी सांगितलं होतं. आणि मी म्हटलं होतं, दम द्या.

लिफ्टची वाट बघितली नाही. पुढच्या जिन्याने कशी उतरले ते आठवत नाही. जिन्याखालच्या बाकावर माझा डबा होता. माझ्या हातचा, मी निळा दोरा बांधलेला. झाकण लावलेलं. शेजारी स्टेथोस्कोप, नीट गुंडाळून ठेवलेला. शिपाईदादा म्हणाले, "ती आत्ताच वर गेली. मी म्हटलं ऑफिस चालू आहे, हवं तर आत जा, तर म्हणाली, ऑफिसात नाही जायचं."

पाच मजले. बावीस वर्षांत तो जिना मी एकदाही चढले नव्हते. प्रत्येक मजल्यावर ओरडत होते, पण तोंडातून ‘मुंगी’ एवढंच निघत होतं, तेही नीट नाही. चौथ्या मजल्यावर कबुतराची पिसं पडली होती. तिथे मला वाटलं की आता वर काही नसेल.

ती शेवटच्या पायरीवर बसली होती. गच्चीच्या बंद दाराला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. मला बघून उठून उभी राहिली. टेबलासमोर बोलावल्यावर पोरं उभी राहतात तशी.

"दार बंद आहे, आई," ती म्हणाली.

मी खालच्या पायरीवर बसले आणि तिचे पाय धरून ठेवले. गार होते. १ जुलैला होते तसेच.

"मी मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या पत्रात ते वाक्य दिसलं तेव्हाच कळलं, ते तूच लिहिलंस. मग दुसरं पत्र तुलाच लिहिलं. घरात तर बोलायचं नाही ना."

समुपदेशक बाई धापा टाकत वर आल्या. त्या आमच्याहून दोन पायऱ्या खाली बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मुंगीला विचारलं, पाणी हवं का. मुंगी हो म्हणाली. तेव्हा मी रडले.

काल हे पोचले, मिळेल त्या गाडीने. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मुंगी दिवसभर झोपते, उठते, थोडं खाते. मांजर परत आलं आहे, शिवणवाल्या बाईंनी न विचारता आणून सोडलं. समुपदेशक बाई रोज दोनदा फोन करतात. सोमवारी मुंगीला त्यांच्याकडे न्यायचं आहे, मलाही बोलावलं आहे. त्या म्हणाल्या, लगेच सगळं ठीक होणार नाही. घाई करू नका, आणि तिला एकटीला सोडू नका.

४४१७ ची फाइल साहेबांनी स्वतःकडे घेतली. तिच्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, पालकांचा हलगर्जीपणा. ते खोडू नका असं मी साहेबांना सांगितलं. त्या फॉर्मवर आता सही करून चालेल का, तेही मीच विचारलं. पोरं विचारतात तसं, मान खाली घालून. साहेब म्हणाले, नियम बघावा लागेल.

गच्चीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ऑफिसची वस्तू घरी आणायची नाही, हा नियम मला पाठ आहे. पण खणात ठेवून यायला हात धजावला नाही. दुरुस्तीवाल्यांनी गुरुवारी सुट्टी घेतली म्हणून किल्ली खणात होती. ते कामावर आले असते तर सकाळी दहालाच सही करून घेऊन गेले असते.

ते कुलूप मी मुंगीसाठी लावलं नव्हतं. कबुतरांसाठी लावलं होतं.